चिमटीतलं कापड

सायकल चालवणाऱ्यांच्या कपड्यांच्या दुकानात मी एकवीस वर्षं काढली, आणि त्यातली वीस वर्षं एकदाही लेबल वाचून कपडा विकला नाही. लेबल वाचत बसणाऱ्या गिऱ्हाइकांची तर मी तोंडावर थट्टा करायचे. कापड चिमटीत धरायचं, जरासं चोळायचं, आतल्या शिवणीवरून नख फिरवायचं. घाम धरून ठेवणारं कोणतं, वारा आत घेणारं कोणतं, महिनाभरात मांड्या सोलून काढणारं कोणतं, ते सांगून मी मोकळी. मालक चारचौघांत म्हणायचे, "आमच्या ताईंच्या बोटांना फसवून दाखवा." मालकांना स्वतःला कापडातलं ओ की ठो कळत नाही. ते तसं कबूल करतात, हा त्यांचा मोठेपणा.

गेल्या वर्षी मी आजारी पडले. त्या आजाराचं नाव सगळे आवाज खाली करून घेतात, म्हणून मी घेतच नाही. औषधांनी आजार गेला आणि जाताना बोटांच्या टोकांची जाणीव घेऊन गेला. दुखत नाही, खुपत नाही, काहीच नाही. सकाळी माझ्या शर्टाची बटणं नवरा लावतो. रोज एक बटण चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

"मालकांना सांगून टाक," तो म्हणतो.

"सांगते," मी म्हणते.

पाच महिने हेच चाललं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटत नव्हतं.

सांगितलं असतं तरी मालकांनी मला काढलं नसतं. गोड बोलून मागच्या खोलीत खोकी फोडायला बसवलं असतं. मला ते नको होतं. काय हवंय ते धड सांगता आलं नसतं, पण हे नको, एवढं पक्कं होतं. म्हणून मी दुकान उघडायच्या अर्धा तास आधी जाऊन लेबलं पाठ करायला लागले. मग गिऱ्हाइकासमोर कापड चिमटीत धरायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. नाटक छान वठायचं.

आणि एक दिवस सिस्टर आल्या. हॉस्पिटलात नर्स, बारा महिने पहाटे पाचला सायकलवरून ड्यूटीला जाणाऱ्या.

"ताई, ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, मला सुट्टी नाही. एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकते."

मी त्यांना स्टँडवरच्या सायकलवर बसवलं. आरशासमोर ताठ उभं राहून हे कपडे घेणारा हमखास फसतो. हँडलवर वाकलं की जॅकेट वर चढतं आणि कंबर उघडी पडते. त्यांच्यासाठी मी पावसाचं पिवळं जॅकेट निवडलं, मागून लांब, शिवणींवर आतून पट्टी मारलेलं. त्यांचं माप शिल्लक नव्हतं, आठवड्याने या म्हटलं. उन्हासाठी जाळीदार जर्सी दिली. थंडीसाठी आत घालायची लोकरीची करडी बनियन.

आदल्या दिवशी नवा माल मीच लावला होता, आणि सुती मिसळीच्या करड्या बनियन मला न कळता लोकरीच्या गठ्ठ्यात गेल्या होत्या. त्यातली एक मी चिमटीत धरली, डोळे अर्धे मिटले.

"अस्सल लोकर," मी म्हणाले.

आठवड्याने सिस्टर आल्या त्या नाक लाल करूनच. बनियन काउंटरवर ठेवली.

"चार दिवस ओलं फडकं गुंडाळून सायकल चालवली, ताई. घाम वाळतच नाही हिच्यात. आज अंगात ताप आहे."

मालक लगबगीने पुढे आले. "शक्यच नाही. कंपनीने भलताच माल पाठवला असणार. ताईंची बोटं चुकत नाहीत."

त्यांनी मला आयती वाट करून दिली होती.

"हो, कंपनीचीच चूक," मी म्हणाले. हाताला चाळा म्हणून सिस्टरांसाठी आलेलं पिवळं जॅकेट उलगडलं आणि त्याच्या घडीच्या टाचण्या काढू लागले. सिस्टर माझ्या हातांकडे बघत होत्या.

"ताई, थांबा."

पिवळ्या बाहीवर लाल ठिपके पडले होते, चार-पाच. एक टाचणी माझ्या तर्जनीत अर्धी रुतली होती. सिस्टरांनी ती उपटली आणि बोटावर रुमाल दाबून धरला.

"कळलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

मालक शेजारीच उभे होते.

"पाच महिने," मी म्हणाले. "कंपनीची चूक नाही, माझी आहे. मला आता कापडातलं काही कळत नाही."

हे बोलल्यावर पायाखालची जमीन वगैरे सरकेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी फळीवरच्या दोन करड्या बनियन काढल्या, लेबलं वाचून, सगळ्यांदेखत. एकेक करून सिस्टरांच्या चिमटीत दिल्या.

"डोळे मिटा. घाई नको. चोळा."

"ही गुळगुळीत आहे. गार लागते."

"आणि ही?"

"जराशी चावते. पण दाबून सोडली की फुगते."

"चावते ती घ्या."

त्यांनी ती घेतली. जॅकेटही तेच घेतलं, डागासकट. हॉस्पिटलात आम्ही हेच धुतो, म्हणाल्या. दारातून वळून मला बजावलं, "डॉक्टरांना दाखवा. गप्प बसू नका."

त्या गेल्या. मालकांनी काउंटरवरची सुती बनियन माझ्याकडे सरकवली. मग त्यांनी हात पुढे केला.

"मला शिकवा."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आतली खोकी दिसत होती. यांना शिकवलं की माझं इथलं काम संपतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मला भीती वाटली. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ते नेमकं हे.

मी कापड त्यांच्या चिमटीत दिलं. किती जोर लावायचा ते कळावं म्हणून त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली.

"असं," मी म्हणाले.

त्यांचा हात थरथरत होता. ते मला दिसलं.