तापल्या तव्यावर पाणी

मी तवा बोलतोय, आणि तापलेला बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. लोखंडाचा आहे, खोलगट आहे आणि तीस-बत्तीस वर्षं भाकऱ्या भाजून काळाकुट्ट झालेला आहे. मला लाकडी मूठ नाही की चकचकीत मुलामा नाही. मूळचा राहणारा भवानी पेठ, सोलापूरचा. हल्ली मुक्काम इंग्लंडातल्या शेफील्ड नावाच्या शहरात. हे शहर म्हणे पोलादासाठी जगभर गाजलेलं. त्या शहरात एका सोलापुरी लोखंडाचे काय हाल झाले, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. कुणी लिहीत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म वैरागच्या बाजारात, एका घिसाड्याच्या भट्टीपाशी झाला. त्यानं मला लालभडक असताना ठोकून ठोकून पोट दिलं आणि चिमट्यात धरून पाण्याच्या घमेल्यात बुडवलं. छन्न! तो माझा पहिला आवाज. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. त्याचं नाव धोंडप्पा. नुकतंच लग्न झालेलं, आणि बायकोला तवा हवा होता.

ती बायको म्हणजे नीलम्मा, माझी मालकीण. तिच्या सासूबाई सावित्रम्मा कडक बाई. त्यांच्या घरात माझ्यासाठी कायदे होते. तवा पालथा घालायचा नाही. रिकामा तापत ठेवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, तापल्या तव्यावर पाणी ओतायचं नाही. ताप आला का हे बघायला थेंबभर शिंपडलं तर चालतं. ओतलं की जो आवाज होतो तो घराला लागतो, आणि घरात तान्हं मूल असलं तर आधी त्याला, असं त्या म्हणायच्या.

एकदा शेजारच्या नागम्मानं चुकून माझ्यावर तांब्या लवंडला. सावित्रम्मांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. लगेच माझ्यावर पहिली भाकरी भाजली, नागम्माला पाटावर बसवलं आणि समोर बसून अख्खी खायला लावली. "ज्यानं पानी घातलं त्यानंच भाकरी खाल्ली, की उतरतंय," त्या म्हणाल्या. नीलम्मा तेव्हा परातीपाशी बसून हे सगळं बघत होती. मीही बघत होतो.

सावित्रम्मा गेल्या. नीलम्माची मुलगी काव्या शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर शेफील्डला गेली. तिथं तिला मुलगी झाली. बाळंतिणीनं आईकडे फोनवर दुसरं काही मागितलं नाही. "अव्वा, भाकरी खावीशी वाटतीय," एवढंच म्हणाली. नीलम्मानं त्या दिवशी मला चुलीवरून उतरवलं ते थेट पिशवीत घातलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि मी. व्हिसा यायला उशीर झाला. तेवढे दिवस काव्यानं बाळाचं बारसं थांबवून ठेवलं. नाव आजीनं कानात सांगायचं, असं त्यांच्यात ठरलेलं असतं.

निघताना विमानतळावर एका गणवेशवाल्यानं मला यंत्रात पाहिलं आणि बाहेर काढलं. उलटा केला, सुलटा केला. हे काय, म्हणून विचारलं. नीलम्मा म्हणाली, "तवा." तो म्हणाला, कशाला? तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, जणू त्याच्या आईनं त्याला काहीच शिकवलं नव्हतं. "भाकरीला. दुसरं कशाला असतंय?"

इंग्लंडबद्दल माझं मत विचाराल तर ते एकतर्फी आहे, आणि मला ते बदलायचं नाही. घरात दोन नळ. एकातून बर्फ येतं, एकातून उकळतं पाणी, आणि हात मधे धरून माणसानं ठरवायचं की कुठल्या बाजूनं रडायचं. कचऱ्याचे तीन डबे, तिघांचे तीन रंग, आणि चुकलात तर डबा भरलेलाच परत. नीलम्मा भवानी पेठेच्या सवयीनं पुढचं दार उघडं ठेवायची. जावई राजशेखर येऊन हळूच लावून घ्यायचा. ती पुन्हा उघडायची. त्या दारातून तिच्या व्हिसाच्या सहा महिन्यांत कोणी आत येणार नव्हतं हे तिला पटतच नव्हतं. "येतंय की कुनीतरी," म्हणायची. पोस्टमनही दाराच्या फटीतून कागद सारून जायचा.

आणि चूल? काचेची. वर गुळगुळीत काच, खाली आग नाही, जाळ नाही, काही नाही. मला तिच्यावर ठेवलं तर मी पाळण्यासारखा हलायला लागलो. माझं पोट खोलगट, तिचं सपाट. ती टीं टीं करून ओरडायची आणि बंद पडायची. नीलम्मा तिला थोपटायची, कपाळाला हात लावायची, पुन्हा चालू करायची. काव्या म्हणायची, "अव्वा, इथं ते चालत नाही."

हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं गेलं, ते मोजणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं. धूप घालायचा नाही, छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंब मारतं. बाळाचे कपडे पुढच्या अंगणात वाळत घालायचे नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला कुठं निघालात म्हणून विचारायचं नाही. इथं ते चालत नाही. काव्या वाईट नव्हती हो. झोप नव्हती पोरीला. पण ऐकणाऱ्याला शेवटी वाटायला लागतं की चालत नाही ते आपणच.

राजशेखरनं तर कमाल केली. सासूबाईंना मदत म्हणून त्यानं मला भांडी धुण्याच्या यंत्रात घातलं. गरम पाणी, साबणाची फवारणी, दीड-दोन तास. तीस वर्षांचा माझा काळा रंग, तेला-तुपाचा, धुराचा, धुऊन निघाला. मी राखाडी होऊन बाहेर आलो आणि दुपारपर्यंत गंजलो. जावयाला काही बोलायचं नसतं. नीलम्मानं पदरानं मला पुसलं, तेल चोळलं. "लोखंडाला अंघोळ घालत न्हाईत, बाळा," एवढंच मला म्हणाली. मला. त्याला नाही.

मग एक दिवस ऊन पडलं. खरं ऊन, सोलापुरात ज्याला कुणी ऊन म्हणणार नाही तसं. बारसं दोन दिवसांवर आलेलं. काव्या बाळाला घेऊन वर झोपलेली. नीलम्मा मागच्या अंगणात गेली. कुंपणापाशी जुन्या विटा पडल्या होत्या. तिनं तीन बाजूंनी रचल्या, वाळक्या फांद्या गोळा केल्या आणि काडी लावली. इतक्या दिवसांत बाईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू बघितलं मी. लुगड्याचा पदर खोचला, परातीत पीठ मळलं आणि मला चुलीवर ठेवलं. तिनं थेंब शिंपडला. थेंब नाचला. मी तयार होतो.

पण पहिली भाकरी माझ्यावर पडलीच नाही. कुंपणापलीकडून पाण्याची धार आली.

शेजारी हॉलिस म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहतात. हातात बागेचा पाइप, पायात घरातले मऊ जोडे, आणि धावत आलेले. चूल विझली, राख उडाली, आणि मी ओरडलो. छन्न! तिकडे वरच्या खोलीत बाळही रडायला लागलं.

नीलम्मा जागची हलली नाही. ओली राख तिच्या पायांवर आली तरी नाही. हॉलिस काहीतरी मोठ्यानं विचारत होते. तिला ती भाषा येत नव्हती. तिला मराठी येते, कानडी येते, पेठेतल्या विणकरांमुळे तेलुगूही कळते, पण ह्या चौथीनं दगा दिला. तिनं पदरानं मला उचललं, आत आणलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

संध्याकाळी तिनं सांगितलं, बारसं होणार नाही.

काव्याला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा राग आला. हॉल घेतला नाही, पण चार घरं बोलावलीत, राजशेखरनं सुट्टी काढलीय, तुझ्यासाठी तर थांबलो होतो सगळे. नीलम्मा एकच म्हणत राहिली, "पोरीला काय झालं तर?" शिकलेली मुलगी आईला हसू शकते, पण तिची भीती घालवू शकत नाही. बाळाला जरा सर्दी होती. त्या दिवसापर्यंत ती सर्दीच होती. आता नीलम्मा बाळाचा प्रत्येक श्वास ऐकत बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही चहावरच.

इथं मला बोलता आलं असतं तर! मी सांगितलं असतं, बाई, माझा जन्मच ह्या आवाजात झालाय. पण तव्याचं कोण ऐकतं?

काव्यानं शेवटी सोलापूरला वडिलांना, म्हणजे अप्पांना, फोन लावला, तोंड दिसणारा. धोंडप्पा बनियनवर, मागे पंखा गरगरत होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. म्हणाले, मी वैरागला समोर उभा होतो की, घिसाड्यानं ह्याच तव्याला पाण्यात बुडवलं, तवा बोंबलला, मी घाबरलो. अपशकुन व्हायचा असता तर तेव्हाच झाला नसता का.

नीलम्मानं फोन जवळ घेतला. "ते घिसाड्याचं पानी. तो बाप हाय त्याचा. बापानं अंघोळ घातली तर दोष न्हाई. तुमी आपला पंखा बंद करा, बिल येतंय."

पण फोन ठेवता ठेवता ती थांबली, आणि तिला नागम्मा आठवली. नागम्माची गोष्ट तिनं काव्याला सांगितली. पाट, भाकरी, सावित्रम्मांचं समोर बसणं. सांगून झाल्यावर तिचाच चेहरा पडला. ज्यानं पाणी घातलं तो हॉलिस. भाकरी भाजायची माझ्यावर. आणि मला ठेवायचं कुठं? काचेवर मी बसत नाही, विटांची चूल काव्यानं कालच मोडून टाकली होती.

"मला हे पटत नाही, अव्वा," काव्या म्हणाली. मग उठली, बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि शेजारी गेली.

परत आली तेव्हा डोळे ओले होते. हॉलिस दोन दिवस खिडकीतून बघत होते, यायला लाजत होते, असं तिनं सांगितलं. त्यांनी धूर पाहिला, जाळ पाहिला आणि त्या जाळावर वाकलेलं लुगडं पाहिलं. "त्यांना वाटलं तू पेटलीस, अव्वा."

नीलम्मानं बाळाला खांद्यावर घेतलं. "माज्यासाठी धावत आला म्हना की," ती हळूच म्हणाली.

आणि हॉलिसकडे शेगडी होती! कोळशाची, जाळीची, चाकावर ढकलायची. आता बघा हा इथला न्याय. नीलम्माच्या तीन विटा म्हणजे आग, आणि ह्यांची चाकावरची आग म्हणजे रविवारची मजा. मी तक्रार नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो.

बारशाच्या सकाळी हॉलिसच्या अंगणात कोळसे पेटवले. मला जाळीवर ठेवलं आणि मी काचेवरच्यासारखा हललो नाही. नीलम्मानं परात मांडीशी घेतली. थप थप थप, तो आवाज त्या गप्प गल्लीत भिंतीवरून भिंतीवर गेला. भाकरी माझ्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि मग निखाऱ्यावर गेली. टम्म फुगली. हॉलिस खुर्ची सोडून उभे राहिले.

त्यांच्यासाठी काव्यानं काटे-चमचे आणले होते. नीलम्मानं ते बाजूला सारले, भाकरी हातानं मोडून दाखवली आणि शेंगाची चटणी वाढली. घाबरली की ती कानडीत बोलते. "ऊटा माड्री," जेवा म्हणाली. हॉलिसनी घास घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. नीलम्माची नजर घासावरून हलली नाही. नागम्मासमोर सावित्रम्मा बसायच्या, अगदी तशी बसली होती. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं की त्याच्या चावण्यावर एका मुलीचं नाव अडकलंय. अर्ध्यावर त्यांनी ताटली जरा पुढे सारली. नीलम्मानं ती परत त्यांच्याकडे सारली.

"काव्या, सांग त्यांला. कड बी खायची."

काव्यानं सांगितलं. हॉलिसनी कडसुद्धा खाल्ली. मग ताटली पुढे केली आणि दुसरी मागितली.

त्याच अंगणात, कोळशाच्या उबेत, नीलम्मानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. राजशेखर म्हणाला, आई, आम्हालाही ऐकू द्या. ती मोठ्यानं म्हणाली, "सावित्री." काव्यानं दुसरंच ठरवलं होतं म्हणे. पण त्या दिवशी तिनं चालत नाही म्हटलं नाही.

सहा महिने संपले. बॅगा भरताना नीलम्मानं मला साडीत गुंडाळलं. काव्यानं सोडवलं. "हा राहू दे," म्हणाली. दोघींनी मला दोन बाजूंनी धरलं होतं. नीलम्मानं आधी सोडलं. जाता जाता राजशेखरला मात्र बजावलं, आणि ह्या वेळी त्यालाच: लोखंडाला अंघोळ घालत नाहीत.

आता मी इथंच असतो. त्या धारेनं माझी एक कड जराशी वाकलीय, दुखत नाही. रंग पुन्हा काळा धरतोय. रविवारी काव्या मला घेऊन कुंपणापलीकडे जाते. तिची भाकरी कडेला फाटते, मधे जाड राहते, आणि फोनवर नीलम्मा हसून हसून पदर तोंडाला लावते. हॉलिस तीही खातात. पुढचं दार काव्या आता दिवसा उघडं ठेवते. परवा त्यातून पोस्टमन आत आला. दार उघडं कसं, चोरी तर झाली नाही ना, म्हणून बघायला.

भवानी पेठेत माझ्या जागी नवा तवा आणलाय म्हणे. मला राग नाही. खोटं बोलतोय, आहे.

एवढंच सांगणं आहे, मग शांत होतो. पोराबाळांकडे परदेशी निघालात तर बॅगेत माझ्यासारख्या एखाद्याला जागा करा, तिथं चालत नाही असं कुणी म्हटलं तरी. आणि तुम्ही कुठल्याही देशाचे असा, तापल्या तव्यावर पाणी ओतू नका. हातून ओतलं गेलंच, तर दार लावून बसू नका. या, आणि भाकरी होईपर्यंत थांबा.