ठराव मागे घेण्याचं वाक्य

आमच्या शाळेत पंतप्रधान गुणांवर ठरतो. दहावीत जो पहिला, तो पंतप्रधान. जो दुसरा, तो अर्थमंत्री. आणि ज्याचं तोंड बंद होत नाही, तो विरोधी पक्षनेता. दर वर्षी युवा संसदेची स्पर्धा असते. भाषणं भाषेचे सर लिहितात, मुलं ती घडाघडा पाठ म्हणतात आणि तासभर घनघोर चर्चा झाली की विरोधी पक्षनेता उठून ठरलेलं वाक्य म्हणतो, "सरकारचा खुलासा समाधानकारक असल्यामुळे आम्ही आमचा ठराव मागे घेत आहोत." मग टाळ्या, मग चहा. देशाचं भवितव्य सुरक्षित हातांत आहे असं पाहुणे सांगतात आणि आपापल्या गाडीत बसतात.

मी नागरिकशास्त्र शिकवते. 'मतदान' या शब्दाखाली मुलांकडून दोन-दोन रेघा मारून घेते. आणि आमच्या संसदेत आजवर एकदाही मतदान झालेलं नाही, हे मला या वर्षी एकाएकी असह्य झालं. वय झालं की लोकांचे दात हलतात, माझा संयम हलला.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, यंदा भाषणं मुलांना लिहू द्या. आणि विषय खरा असू द्या, शाळेतला."

"बाई, माकडाच्या हाती कोलीत देताय तुम्ही."

"दहा वर्षं आपण शिकवूनसुद्धा ती माकडंच राहिली असतील, तर पगार कसला घेतो आपण?"

सर हसले नाहीत. पण यंदा स्पर्धेला मोठं बक्षीस होतं. परीक्षक एका मुलाला किंवा मुलीला राजधानीतल्या नेतृत्व विद्यालयात वर्षभरासाठी पाठवणार होते. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, आणि तिथून बाहेर पडलेली माणसं पुढे मोठमोठ्या खुर्च्यांवर बसतात असा लौकिक. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. सर म्हणाले, "विषय तुमचा, भाषणं मुलांची. पण संहिता आधी परीक्षकांकडे जाते. त्यात शेवटचं वाक्य राहील, आणि ते म्हटलं जाईल. संहिता मोडली की मुलाचं नाव बाद, हे ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मी मान डोलावली. आधी खिंड तर ओलांडू, पुढचं पुढे, असा माझा स्वभाव आहे आणि त्याचे चटके मी खाल्लेले आहेत.

विरोधी पक्षनेता यंदा एक मुलगी होती. शिक्षकांच्या खोलीत तिला घोरपड म्हणत, कारण एकदा प्रश्नाला चिकटली की सोडत नसे. हे नाव तिच्या कानावर गेलं तेव्हा ती खूश झाली होती. तिची आई शाळेसमोरच्याच गल्लीत कपडे शिवायची. नवरा नाही, मूल एक, आणि या मुलीनं राजधानीत जावं हा ध्यास. मशीन चालवता चालवता ती आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला ते ऐकवायची.

विषय मुलांनी निवडला: फाटक. आमचं फाटक घंटेला बंद होतं ते पहिला तास संपल्यावर उघडतं. उशिरा येणारी मुलं तोवर बाहेर, भिंतीला टेकून. घोरपडीनं ठराव लिहिला, 'फाटक उघडं ठेवावं', आणि तालमीत असं भाषण ठोकलं की भाषेच्या सरांचे डोळे भरून आले. "ही बिचारी मुलं उन्हात उभी असतात..."

मी विचारलं, "यातल्या किती बिचाऱ्यांशी बोललीस?"

तिनं हातातला कागद खाली घेतला.

"तू फाटकासमोर राहतेस. घंटेला मिनिट असताना घरातून निघतेस आणि तरी वेळेत पोचतेस. ज्यांच्या नावानं गळा काढतेयस, त्यांच्यात आधी जाऊन उभी राहा."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी फाटकाबाहेर उभी राहायला लागली. पहिला तास बुडवून, आणि तोंड वर करून माझ्याच परवानगीनं. आठवड्यानं आली ती चिडूनच आली, स्वतःवर.

"बाई, त्यांना फाटक उघडं नकोच आहे. ती सगळी नदीपलीकडची. त्यांची पहिली बसच घंटेनंतर येते. फाटक उघडं ठेवलं तरी पहिला तास अर्धा बुडतो, आणि पहिला तास कायम गणिताचा. एक जण म्हणाला, अर्ध्या गणितापेक्षा भिंत बरी. त्यांना घंटा पंधरा मिनिटं पुढे हवीय. एवढंच."

एवढंच! घंटा पुढे म्हणजे शाळा सुटणं पुढे, म्हणजे माझी घरी जायची बस चुकणार. मी मनातल्या मनात त्या नदीपलीकडच्यांना दोन शिव्या हासडल्या. मग म्हटलं, "लिही."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिला बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. शेवटचं वाक्य म्हणालीस तर तुझी निवड जवळजवळ नक्की. नाही म्हणालीस तर नाव बाद. मी दोन्हीकडून काही सांगणार नाही.

"खुलासा खरंच समाधानकारक असला तर म्हणेन," ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. तिची आई तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत, हात मांडीवर घट्ट धरून. घोरपड छान बोलली. रडवलं नाही, फक्त सांगितलं. पंतप्रधान उठले. मुलगा हुशार आणि स्वभावानं गरीब. पाठांतर असं की झोपेतून उठवलं तरी स्वल्पविरामासकट म्हणेल. 'शासन या प्रश्नाचा सहानुभूतीपूर्वक विचार करत आहे,' असं त्यानं चार वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आणि बसला.

आता ते वाक्य. मुख्याध्यापकांचे ओठ पहिल्या रांगेत आपोआप हलायला लागले होते.

ती उठली. "सभापती महोदय, खुलासा समाधानकारक नाही. मतदान घ्यावं."

सभापती झालेल्या मुलानं संहिता उलटीपालटी करून पाहिली. त्यात मतदान नव्हतं. सर माझ्याकडे वाकले. "बाई, तिला बसवा. परीक्षकांनी आत्ताच कानात सांगितलं, तिचंच नाव आहे. पोरीचं नुकसान करू नका."

मी तिच्या आईकडे पाहिलं. पाहायला नको होतं. एका शब्दात मी सगळं सावरू शकत होते; घोरपड माझं ऐकते. पण मग वर्गात त्या दोन रेघा मी कुठल्या तोंडानं मारायला सांगणार होते?

"सभापती," मी जागेवरून म्हटलं, "ठराव मताला टाका."

हात वर झाले. पंतप्रधानांचा पक्ष मोठा, तो गुणांवरच बनलेला. ठराव पडला. थोड्याच मतांनी, पण पडला. संध्याकाळी निकाल लागला: राजधानीला पंतप्रधान जाणार.

आई मला जिन्यात भेटली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीच्या तोंडचा घास गेला. तुमचं काय गेलं?"

माझं काही गेलं नव्हतं, हे खरंच होतं.

"बाईंनी नाही, मी घालवला," घोरपड मागून म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "आणि मतंही मीच घालवली, आई. बाहेरच्या सगळ्यांशी बोलले, पण ज्यांनी हात वर करायचा त्यांच्यातल्या एकाशीही नाही. मला वाटलं, चांगलं बोललं की झालं." मग माझ्याकडे वळून, "पुढचं अधिवेशन कधी?"

"पुढच्या वर्षी."

"बस तर उद्या सकाळीपण घंटेनंतरच येईल."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सरांच्या खोलीत. शनिवारी शाळा सुटल्यावर सभागृह मागितलं.

"अहो बाई, स्पर्धा झाली की! आता कशाला संसद?"

स्वतःचं वाक्य त्यांनाही ऐकू गेलं असावं. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही, एवढाच त्यांचा मान राहिला.

शनिवारपर्यंतचे चार दिवस घोरपड सत्ताधारी पक्षाच्या एकेका सदस्याला सकाळी फाटकाबाहेर घेऊन जात होती. काही हसले, काहींनी टाळलं. अर्थमंत्री म्हणाला, संध्याकाळी त्याची शिकवणी असते, पंधरा मिनिटं त्याला परवडत नाहीत. ती त्याच्या शिकवणीच्या मास्तरांकडे गेली आणि वेळ बदलून घेऊन आली. शेवटच्या दिवशी पंतप्रधान स्वतः भिंतीला टेकून उभा दिसला, कानकोंडा झालेला.

शनिवारी पाहुणे नव्हते, माइक नव्हता, चहा तर नव्हताच. तरी मुलं आली. नदीपलीकडची झाडून सगळी आली, परतीची बस सोडून. पंतप्रधान उठला आणि त्याच्या हातात कागद नव्हता. अडखळत म्हणाला, "ठराव... ठराव आज आमच्या पक्षातर्फे मी मांडतो." हात मोजायची गरज पडली नाही.

दारात उभे असलेले मुख्याध्यापक पुढे आले. "छान. पण मुलांनो, शाळेची वेळ ठरवण्याचा अंतिम अधिकार माझा आहे."

"हो सर," घोरपड म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही नाही म्हणालात तर कारण सांगा. आम्ही लिहून घेऊ आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बसू."

सरांनी कारण शोधलं. छताकडे पाहून शोधलं, माझ्याकडे पाहून शोधलं. "सोमवारपासून करून बघू," ते शेवटी म्हणाले, आणि सभागृहात जो गोंगाट झाला तो कुठल्याही संसदेत कामकाजातून काढून टाकला असता.

माझी बस तर गेलीच होती. सभागृहाबाहेर घोरपडीची आई उभी होती. ती सगळा वेळ खिडकीतून बघत होती. माझ्यावरचा राग अजून उतरला नव्हता, दिसतच होतं.

"तरी तिनं राजधानीला जायलाच हवं होतं," ती म्हणाली.

"हवं होतं. तिथे बारावीपर्यंतच्यांना घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा नाव देऊ."

"पुढच्या वर्षी ते वाक्य म्हणेल का ती?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "नाही म्हणणार."

"मग पुन्हा बाद."

"नियम हाच राहिला तर, हो."

तिनं आत पाहिलं. तिची मुलगी खुर्च्या लावत होती आणि लावता लावता अर्थमंत्र्याशी कशावरून तरी भांडत होती. आईनं पदर खोचला.

"ते परीक्षक कुठे बसतात हो?" तिनं विचारलं. "मला पत्ता द्या."