सांधा धरेपर्यंत

इन्क्युबेटरचं दार उघडलं की ऊबदार दमट वाफ चष्म्यावर बसायची. आज ती पुसायचंही प्रयोगशाळेतल्या संशोधिकेच्या जिवावर आलं होतं. तशाच धुक्यातून तिनं बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, वाकली. मानेत कळ आली.

जिवंत पेशी दवाच्या थेंबासारखी दिसते, गोल आणि लखलखीत. या काळवंडल्या होत्या, आक्रसल्या होत्या, कित्येकींचा तर नुसता चुरा उरला होता.

पलीकडच्या इमारतीत काचेच्या खोलीत एक तान्ही मुलगी होती. सगळे तिला पिटुकली म्हणायचे. तिच्या हाडांतल्या मगजाच्या या पेशी. तुटलेला डीएनए सांधणारं एक प्रथिन पिटुकलीच्या अंगात जन्मतःच नव्हतं. आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी घडतात त्याच मुळी आपला डीएनए कापून, पुन्हा जोडून. जोडणाराच नाही म्हटल्यावर फौज उभी कुठून राहणार? साधी सर्दीसुद्धा तिच्या जिवावर बेतली असती.

उपाय ठरला होता. एका विषाणूचा विखार काढून टाकायचा, हरवलेलं जनुक त्याच्या पाठीवर द्यायचं आणि त्याला पेशीत धाडायचं. आपलं ओझं थेट पेशीच्या डीएनएत नेऊन बसवायची त्याची जातच.

"सर, अर्धा मगज गेला," ती फोनवर म्हणाली.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "अगं, चाचणीत तर हीच मात्रा छान चालली होती."

"चाचणी धडधाकट माणसांच्या पेशींवर केली ना आपण. त्यांना टाके घालता येतात."

पलीकडून एक लांब उसासा आला. त्यांना पुढचं सांगायला लागलं नाही. विषाणू जनुक बसवतो, पण बसवताना दोन्ही टोकांना डीएनए उसवून ठेवतो आणि मोकळा होतो. पुढची शिवण पेशीच्या गळ्यात. धडधाकट पेशी मुकाट्यानं ती घालते, पाहुण्याला घरातला करून घेते. पिटुकलीच्या पेशी कशानं घालणार? एकही पेशी जनुकाविना राहू नये म्हणून या दोघांनी सढळ हातानं विषाणू ओतले होते. पेशी ठिकठिकाणी उसवल्या. नवं जनुक कामाला लागून प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. तेवढा दम निघाला नाही. इतकं फाटलेलं पाहून पेशींनी स्वतःच स्वतःला संपवलं.

"गोठवलेला अर्धा आहे अजून," सर म्हणाले. "मात्रा अगदी कमी कर. पुष्कळ पेशी जनुकाविना कोऱ्या राहतील, राहू देत. पण आधी आईला विचार. तुझ्याशी ती मोकळं बोलते."

"वाईट बातमी असली की मीच बरी मोकळी सापडते तुम्हाला."

पिटुकलीची आई काचेला कपाळ टेकून पुटपुटत होती:

"माझ्या गं बाळाचा, पाळणा काचेपल्याड
नजरेनं हलवते, हात राहिले अल्याड."

चाहूल लागताच ती वळली. "या ताई. सासूबाईंचा फोन होता. विचारतात, नात घरी कधी येणार? म्हटलं, तुम्ही इथं येऊन बसा, मी घरी जाते." मग तिचं हसू विरलं. "तोंड का उतरलंय तुमचं?"

तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे शिवायला सुई धाडली आणि सुईनंच फाडलं?"

"हो."

"आणि हे तुम्हाला आधी सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

आई खाली बसली. "आता?"

"उरलेल्या पेशींना अगदी थोडे विषाणू देऊ. मग एका पेशीला एखादीच जखम होईल. सांधणारी दुसरीही प्रथिनं असतात, हळू आणि गबाळी. एखादा टाका ती घालतील बहुतेक. तेवढ्यात नवं प्रथिन कामाला लागेल."

"आणि नाही लागलं?"

"मग हातात काही उरणार नाही. ती इतकी अशक्त आहे की पुन्हा मगज काढता येणार नाही."

"आणि थांबलो तर?"

"थांबून ती सशक्त होणार नाही."

आईनं काचेतून आत पाहिलं. "करा. पण हात आखडता ठेवा हो, ताई."

तिनं हात आखडता ठेवला. मग रोज बाटली काढायची, वाकायचं, मान चोळायची. पहिल्यांदा काहीच कळेना. पुढं कोपऱ्यात चार थेंब चमकले, मग त्यांचा झुबका झाला. तपासणीत दिसलं, बहुतेक पेशी कोऱ्याच होत्या. पण ज्यांना जनुक मिळालं होतं त्या जगल्या होत्या, वाढत होत्या.

"पुरतील?" सरांनी विचारलं.

"जेमतेम."

"जेमतेम तर जेमतेम. पाठव."

त्या पेशींची पिशवी आली तेव्हा आई काचेपाशीच होती. "एवढंसंच?"

"एवढंच आहे."

आत नर्सनं नळी जोडली. पिटुकलीनं एकदा ओठ काढले, रडायचं की नाही याचा विचार केला आणि झोपून गेली. पिशवी रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही.

"झालं?"

"आपलं झालं. आता पेशींचं काम. रक्तात नवी फौज दिसायला काही महिने जातील."

"अजून महिने?"

"अजून."

"मग बसा की. उभ्यानं कुठवर वाट बघणार?"

ती बसली. थोड्या वेळानं आईचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. मान दुखत होती, तरी ती हलली नाही.