भागी पुंजा, वय दहा

चंदरने बायकोचं नाव सांगितलं, मीना. वय एकवीस-बावीस. या दवाखान्यात पूर्वी कधी आली होती का, असं विचारल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत दोघं कामाला आली होती. तिच्या पायात तारेचा तुकडा घुसला, पाय सुजला, तापात ती बरळायला लागली, तेव्हा बागवाल्याने जीपमधून आणून इथे सोडलं. तिला वॉर्डात नेऊन केसपेपरसाठी त्याला खिडकीवर पाठवलं होतं.

छायाबाईंनी नवा क्रमांक टाकला. नाशिकमधल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात चौदा वर्षं त्या हेच करत होत्या. सत्त्याण्णव साल होतं ते, कॉम्प्युटर अजून यायचा होता. रेकॉर्ड रूम म्हणजे छताला टेकलेल्या मांडण्या, सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि जुन्या कागदाचा तो कोरडा वास. कुठलं साल कुठे आहे, हे छायाबाईंच्या डोक्यात. फॉर्मवर माहेराचा रकाना नव्हता, तरी त्या विचारत. एकाच नावाच्या दोन बायकांचे कागद एकदा अदलाबदल होता होता वाचले होते, तेव्हापासूनची सवय.

"माहेर कुठलं हिचं?"

"पेठकडं, आंबेपाडा. सासऱ्याचं नाव पुंजा. तीन वर्षं झाली, वारला."

छायाबाईंचं पेन थांबलं.

अकरा वर्षांपूर्वी पुंजा नावाचा एक माणूस रेकॉर्ड रूमबाहेरच्या व्हरांड्यात मुक्कामाला होता. मुलीच्या नडगीवरचं मोठं गळू कापलं होतं. रोज सकाळी खिडकीशी येऊन, पोरगी काल किती जेवली ते तो सांगे, कोणी न विचारता. जाताना त्याने फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ टेबलावर ठेवलं. त्या नको म्हणाल्या तर त्याचा चेहरा असा उतरला की त्यांनी मुकाट्याने ते उचलून पिशवीत टाकलं. पण त्या पोरीचं नाव मीना नव्हतं. पुंजा तिला भागी म्हणायचा.

त्यांनी चंदरला विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, आश्रमशाळेत मास्तरांनी मीना लिहिलं, तेच पुढं चाललं. सासरा मात्र तिला भागीच म्हणायचा.

तेवढं ऐकून छायाबाई उठल्या. पुंजाची आठवण आली तशी दुसरीही आली होती. एका सकाळी तो खिडकीशी आला नव्हता. सुईनंतर पोरीचा श्वास अडकला होता आणि वॉर्डात सगळ्यांची धावपळ उडाली होती.

शहाऐंशीचे गठ्ठे सगळ्यात वर होते. स्टुलावर चढून, पदर खोचून त्यांनी तीन गठ्ठे खाली ओढले. तिसऱ्यात फाइल सापडली. 'भागी पुंजा, वय दहा.' वर लाल शाईने लिहिलेलं होतं: पेनिसिलिन देऊ नये.

त्या जिना चढून वॉर्डात पोचल्या तेव्हा प्रतिभा सिस्टर पेनिसिलिनची, आधी टोचून बघायची सुई हातात घेऊन मीनाच्या मनगटाशी वाकल्या होत्या.

"सिस्टर, थांबा."

डॉक्टरांनी फाइल पाहिली आणि, बाई, हा दुसऱ्याच पेशंटचा कागद आहे, असं म्हणून परत केली.

"नाव दुसरं आहे, डॉक्टर. पोरगी तीच आहे. उजव्या नडगीवर व्रण असेल, आत लिहिलंय. बघा एकदा."

डॉक्टरांनी चादर बाजूला केली. चार बोटं लांब, पांढुरका व्रण होता. नव्या केसपेपरवरचं औषध खोडून त्यांनी दुसरं लिहिलं आणि लाल पेन मागितलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. दोन्ही क्रमांक जोडून घ्यायला छायाबाई वॉर्डात गेल्या. मीना भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"भागी," त्यांनी हाक मारली.

ती झटकन वळली.

"ह्या नावानं आता कोनी नाय हाकारत," ती म्हणाली.

छायाबाईंनी तिच्यापुढे जुनी फाइल उघडली. मीना सातवीपर्यंत शिकलेली होती. एकेक अक्षर जुळवत तिने स्वतःचं नाव वाचलं, बापाचं वाचलं. पाचव्या पानावर ऑपरेशनच्या संमतीखाली जांभळ्या शाईचा अंगठा होता.

"हा बाचा?"

"हो. माझ्यासमोरच उठवला होता."

"फोटू नाय आमच्याकडं त्याचा," मीना म्हणाली. कागद तिने मागितला नाही. बोट अंगठ्याच्या जवळ नेलं आणि पुसेल म्हणून की काय, मागे घेतलं.

ती घरी गेली त्या दिवशी तिच्या डिस्चार्ज कार्डाच्या आत एक घडी केलेलं जुनं पान होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कार्ड घालून छायाबाईंनी स्वतः तिच्या हातात दिलं आणि, पावसात भिजू देऊ नकोस, एवढंच सांगितलं.

दोन हजार पाचमध्ये कॉम्प्युटर आले आणि जुने कागद नष्ट करायचं ठरलं. छायाबाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. प्रत्येक फाइलची पानं मोजून यादीवर सही करायचं काम त्यांच्याकडेच आलं. बावीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एक चिठोरंही गहाळ झालं नाही, असं ट्रस्टी कौतुकाने सगळ्यांना सांगत.

शहाऐंशीचा गठ्ठा सुटला. भागीच्या फाइलवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, एकूण पानं चौदा. छायाबाईंनी चौदावर आडवी रेघ मारली, बाजूला तेरा लिहिलं, आणि खाली पूर्ण नावाची सही केली.