वीतभर जास्तीचा पंख

आमच्या विमानाचा पंख दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांब आहे, हे मेहुण्याच्या लक्षात आलं तेव्हा माझ्या बायकोला जाऊन सात महिने झाले होते.

विमान लाकडाचं, दोन माणसांचं. गॅरेजमध्ये सहा वर्षं त्याचं काम चाललं होतं. लाकूड माझं, कारण मी सुतार. इंजिन मेहुण्याचं, त्यामुळे मतंही त्याचीच. तो गणिताचा मास्तर होता. निवृत्त झाला, पण चुका काढायची सवय काही निवृत्त झाली नाही.

"भावजी, सगळं परत मांडून बघितलं," तो कागद नाचवत म्हणाला. "तुम्ही सत्तर किलो, ताई एकोणसाठ, इंजिन, पेट्रोल. एवढ्याला एवढा पंख लागतच नाही. चुकलात तुम्ही."

"असेल."

"असेल काय? ताशी सहा किलोमीटर खातोय हा पंख!"

"सहा किलोमीटरनं काय होतंय?"

"दीडशे किलोमीटर गेलो तर तीन मिनिटं लवकर पोचू."

"आणि त्या तीन मिनिटांत करणार काय?"

"तुमची वाट बघावी लागणार नाही, एवढं तरी होईल," तो म्हणाला. आम्ही एकाच विमानात असू हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पंखाबद्दल मला कळतं ते एवढंच. लहान पंख हवेत पळतो, मोठा पंख माणसाला सांभाळून खाली आणतो. पंख कापला की उतरतानाही जोरात यावं लागतं, कारण हळू झालात तर तो वजन पेलत नाही. आमची धावपट्टी आखूड. टोकाला कुंपण, कुंपणापलीकडे गायी.

पण मी चुकलो नव्हतो. पंख आखायच्या आधी मी बसायच्या जागेचा लाकडी ढाचा केला होता. तोल कळावा म्हणून तो वजनकाट्यांवर ठेवला आणि बायकोला म्हणालो, बस जरा. ती बसली. आकडा ब्याऐंशीनं वाढला.

"अहो, हा काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"धाकट्याला बोललात तर बघा. मी मेले तरी चिडवायचा थांबणार नाही तो."

मी शब्द दिला. कागदावर तिनं सांगितलेले एकोणसाठ लिहिले आणि पंख ब्याऐंशीचा केला. ती रोज डबा घेऊन यायची, पंखाकडे बघायची आणि म्हणायची, "छान लांब झालाय." बाकी काही नाही.

आता मेहुणा पंखाच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून उभा होता. "आता शेजारी मीच बसणार. मी चौसष्ट. पाच किलो जास्त धरले तरी पंख जास्तच. शनिवारी तपासनीस बाई येतील, त्यांना दाखवलं की कापू. एकदा पंखावर कापड चढलं की हात लावता येणार नाही."

मी तीन दिवस नुसत्या करवती साफ केल्या. खरं सांगावं तर पंख वाचतो, पण शब्द मोडतो. गप्प बसावं तर शब्द राहतो आणि तिच्यासाठी केलेली ती वीत जाते.

शनिवारी बाई आल्या. सांधे ठोकून बघितले, डिंक बघितला. मग पेन्सिलीची रेघ बघितली.

"हे काय?"

"भावजींची चूक सुधारतोय," मेहुणा म्हणाला.

"शेजारी कोण बसणार?"

"मी. चौसष्ट किलो."

"कागदावरचं नको. बसून दाखवा."

विमानाचं धड तिन्ही चाकांखाली काटे ठेवून उभंच होतं. मेहुणा चष्मा काढून, खिसे रिकामे करून, अगदी हलकेच बसला. बाईंनी तिन्ही आकडे मांडले, रिकाम्या विमानाचे वजा केले.

"शहाऐंशी."

मेहुण्यानं चष्मा चढवून आकडा बघितला.

"काटा बिघडलाय," मेहुणा म्हणाला.

आवाज त्याचा होता, पण सूर हुबेहूब तिचा. मला हसू आलं, ते लपवायला मी खोकलो.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"तिन्ही एकदम बिघडत नसतात," बाई म्हणाल्या. "पंख कापायचं डोक्यातून काढा. आहे तोच जेमतेम पुरतोय." त्यांनी शहाऐंशी लिहिले, सही केली आणि गेल्या.

मेहुण्यानं खिशातून काढून ठेवलेलं खोडरबर उचललं. मास्तर होता, खोडरबर असणारच. रेघ खोडता खोडता माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावजी, ताईला सांगू नका हं."

मग त्याचा हात थांबला.

"नाही सांगत," मी म्हणालो, आणि दुसऱ्या बाजूची रेघ खोडायला घेतली.