घरचे हात

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रोगराईची भारी धास्ती. घरात येणाऱ्याने दारातच चपला काढायच्या, नळावर पाय धुवायचे, साबणाने हात धुवायचे आणि मगच आमच्या ठकीला हात लावायचा. ठकी माझी मुलगी, नुकतंच बोलू लागलेलं पोर. माझी आई नातीला बघायला आली, तर तिलाही दोनदा हात धुवायला लावले. "बाहेरची माणसं काय काय घेऊन येतात, सांगता येत नाही," असं तिच्या तोंडावर म्हणाले. आई बिचारी हात पुसत हसली. मी मात्र मनातल्या मनात चांगली चरफडले.

हा कायदा बाहेरच्यांसाठी. घरच्यांना सगळं माफ. आमच्या घराच्या खालीच मामंजींचा बॅटऱ्यांचा कारखाना. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक भट्टी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि त्याच्या विटा करून विकायच्या. मामंजी, आमचे हे आणि दोन कामगार दिवसभर त्यातच. दुपारी बापलेक जेवायला वर यायचे ते तसेच, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. मामंजी आले की आधी ठकीला मांडीवर घेणार आणि आपल्या हाताने तिला घास भरवणार. मी एकदा धीर करून म्हटलं, "आधी हात धुता का?"

"घरचे हात आहेत हे," मामंजी म्हणाले. "घरच्या हातांना कसली आलीय घाण?"

आपली ती धूळ आणि दुसऱ्याची ती घाण, असा सगळा कारभार. आमचे हे ताटात बघत राहिले. वडिलांसमोर ह्यांच्या तोंडाला कायमचं कुलूप.

पुढे ठकीचं काहीतरी बिनसलं. चेहरा पांढरा पडला, खाणं सुटलं, पोट धरून कुरकुर करायची. आई, आबा, दे, नको असे जे चार शब्द यायचे, तेही एकेक करून बंद झाले. एक दिवस माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही.

मामंजींनी लगेच घराची तटबंदी वाढवली. फ्रिजचं पाणी बंद. रस्त्यावरचा धूर नको म्हणून खिडक्या बंद. भट्टीचा धूर जिन्यातून वर यायचा, त्याची बाहेर जायची वाटही त्यामुळे बंद झाली. सरतेशेवटी गुन्हेगार सापडला, तो मीच. "आई सारखी मोबाईलवर बोलते, पोर बोलायला कुणाकडून शिकणार?" हे सांगायला मामंजी खालून मुद्दाम वर आले आणि बोलता बोलता ठकीच्या गालावर हात फिरवून गेले.

आता डॉक्टर म्हणाल, तर आमच्याकडे घरचा डॉक्टर होता. मामंजींचा बालमित्र. रोज संध्याकाळी पत्ते खेळायला यायचे आणि डावाच्या मध्येच ठकीला तपासायचे. हातातली पानं खाली न ठेवता म्हणायचे, "जीभ दाखव बघू." जीभ बघून झाली की, "हवा बदललीय, टॉनिक द्या." दुसरीकडे जायची सोय नव्हती, कारण डॉक्टरकाकांना वाईट वाटलं असतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आमच्या सासूबाईंनी निम्मी दुखणी अंगावर काढली होती.

शेवटी एका सकाळी मी ठकीला कडेवर घेतलं आणि सांगून टाकलं, हिला मोठ्या दवाखान्यात नेते.

"मी डॉक्टरला काय तोंड दाखवू?" मामंजी कडाडले.

"तोंड नका दाखवू. हिची जीभ मी दुसऱ्याला दाखवते."

बोलून गेले आणि जिन्याकडे वळले. तेवढ्यात सासूबाईंनी पायांत चपला सरकवल्या. लग्न होऊन आल्यापासून मामंजींपुढे त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. "मी येते," एवढंच त्या म्हणाल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जीभ नंतर बघितली. आधी विचारलं, घरात कोण काय काम करतं? मी सांगितलं, तशी त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. ठकीचं रक्त घेतलं. तपासणीत शिसं निघालं, आणि तेही बरंच. भट्टीचा धूर, कपड्यांवरची धूळ, घास भरवणारी बोटं, सगळीकडून ते पोरीच्या पोटात जात होतं. "घरातल्या सगळ्यांना घेऊन या," बाई म्हणाल्या.

मामंजी आले, पण भांडायला. इस्त्रीचे कपडे घालून, मागे आमचे हे. "जन्मभर शिशात हात घातलाय मी. मला काय झालं?"

"हात पुढे करा," बाई म्हणाल्या. हात थरथरत होता.

"ते वयाने."

"पोट दुखतं?"

"ते गॅसने."

"विसरायला होतं?"

मामंजींनी उत्तरासाठी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"राग लवकर येतो?"

"अजिबात नाही," मामंजी असे ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट वाकून आत बघायला लागले.

"म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला स्वभाव म्हणत होते, तो आजार होता?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळा राग शिशाचा नसतो हो, आजी. थोडा स्वभावही असेल."

मला हसू आवरेना. आमच्या ह्यांनीही खोकल्याचं निमित्त केलं. सासूबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "आणि पोटातल्या बाळाला?"

"आईच्या रक्तातून शिसं बाळापर्यंत जातं. कधी कधी बाळ राहत नाही."

"ह्याच्या आधीची माझी दोन गेली," आमच्या ह्यांच्याकडे हात करून सासूबाई म्हणाल्या. "भट्टीचे कपडे मीच झटकायची, मीच धुवायची. डॉक्टरकाका म्हणाले, हिची कूसच नाजूक. घरात सगळ्यांनी तेच धरलं. मीही."

"शिशानेच झालं असं आज नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण नाहीच, असंही मी म्हणणार नाही."

ठकी माझ्या मांडीवर मलूल पडली होती. मामंजींनी सवयीने तिच्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला.

"ही परत बोलेल ना?" त्यांनी विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"बोलायला हवी. औषध देऊ, खाणंपिणं सांगू. पण आधी शिसं आत जायचं थांबलं पाहिजे. त्या भट्टीवर राहून काही उपयोग नाही."

"हलवतो. जागा बघावी लागेल. ही एवढी ऑर्डर झाली की..."

"माझी दोन कधी बोललीच नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी मटकन खुर्चीत बसले. मग आमच्या ह्यांना म्हणाले, "कारखान्यात फोन लाव. भट्टी विझवायला सांग."