थडग्यात अडकलेली गाय

फिंटनच्या कुरणात पाच हजार वर्षांपूर्वीचं, सरकारनं जतन केलेलं, खोलीसारखं दगडी थडगं होतं. पावसाला कंटाळून त्याची गाभण गाय त्यात शिरली आणि दोन दगडांमध्ये पोटाशी घट्ट अडकली.

"दगड जरासा सरकवू का गं?" त्यानं शेजारणीला, डिम्फ्नाला विचारलं.

"सरकव की. गाय सुटेल आणि तू आत जाशील."

सकाळपासून हंबरून गाय दमली होती. आता पोटातल्या वासराचं काही खरं नाही, या विचारानं फिंटन रडकुंडीला आला. तेवढ्यात थडगं बघायला पर्यटकांची बस आली.

"तुमच्या डब्यात लोणी आहे का हो?" डिम्फ्नानं विचारलं.

तेवीस जणांनी आपापल्या पावावरचं लोणी खरवडून गाईच्या पोटाला चोळलं. गाइड मात्र इतिहास सांगतच राहिला. शेवटी गाय सर्रकन मागे निसटली आणि एका मास्तरीणबाईंना घेऊन चिखलात बसली.

टोपी काढून फिंटननं तेवीस लोण्यानं माखलेले हात एकेक करून हातात घेतले.

"अहो, आभार आम्हीच मानायला हवेत," बाई चिखलातूनच म्हणाल्या. "आठ दिवस नुसते दगड बघतोय आम्ही."